ड्यूकच्या हातातलं लाटणं

पार्जेटरांच्या घरात न्हाणीघर एकच, त्यात टबही एकच, आणि त्या टबात रविवारपासून एक बाई तरंगत होती. बाई कागदाची होती हे खरं, पण त्यामुळे क्लाइव्ह पार्जेटरला आंघोळ मिळत नव्हती ती नव्हतीच.

"डिलिस, ही बया निघणार कधी बाहेर?" त्यानं दाराआडून विचारलं.

"खळ सुटतेय हळूहळू. घाई केली तर फाटेल."

"माझ्या अंगाला वास यायला लागलाय."

"मग स्वयंपाकघरात जा आणि ओल्या फडक्यानं पुसून घे. तुझी कातडी काही तीनशे वर्षांची नाही."

"तुझ्याशी संसार करून वाटायला मात्र लागलीय तेवढी," असं म्हणत क्लाइव्ह टॉवेल खांद्यावर टाकून जिना उतरला. त्याला हे नवं नव्हतं. बायकोला जुन्या छापील चित्रांचा नाद लागून सोळा वर्षं झाली होती, आणि जुन्या वहीत कुणीतरी खळीनं चिकटवून ठेवलेलं चित्र सोडवायचं तर ते कोमट पाण्यात तरंगत ठेवण्याला पर्याय नाही, हे त्याला आता तोंडपाठ होतं.

डिलिस चौतीस वर्षं ब्यूडलीच्या शाळेत स्वयंपाकीण होती. ज्या दालनात मुलं जेवत, तिथे भिंतीवर नऊ मुख्याध्यापकांच्या तसबिरी ओळीनं टांगलेल्या होत्या. त्यांच्या नाकाखालून तिनं किती हजार बशा नेल्या याची गणती नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं तिला एक घड्याळ दिलं. ते पहिल्या दिवसापासून मागे पडायचं. त्यानंतर दोन महिन्यांनी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत तिला एक चित्र दिसलं. सुरकुतलेला म्हातारा, हातात काठी, खाली लिहिलेलं की हा गृहस्थ एकशेबारा वर्षं जगला. बस्स, दुसरं काहीच नाही. कुणीतरी या माणसासाठी तांब्याचा पत्रा घेतला, महिनाभर मान मोडून कोरला, शाई भरली आणि छापला, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. ती ते चित्र घेऊन घरी आली आणि मग थांबलीच नाही.

जुन्या संग्राहकांनी इंग्लंडातल्या माणसांच्या चित्रांचे बारा वर्ग पाडले होते. पहिल्यात राजेराण्या, मग सरदार, बिशप, न्यायाधीश, असं करत करत बाराव्यात ज्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली ते सगळे. शंभरी ओलांडलेले, भामटे, भुताशी बोलणारे, एका बैठकीत अख्खी मेंढी खाल्लेले. डिलिसचा जीव या बाराव्या वर्गावर जडला होता. तिच्याकडे अशी त्र्याऐंशी माणसं जमली होती, आणि त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी पलंगाखाली खोक्यांत पडून होती. एकदा तरी ती माणसं भिंतीवर लागावीत, चारचौघांनी मान वर करून त्यांच्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं.

भिंत गावात होती. सेव्हर्नकाठच्या ग्रंथालयाच्या जिन्यालगतची लांबच लांब भिंत दरवर्षी हिवाळाभर छापचित्र मंडळाला मिळायची, आणि ती कुणाची हे ठरायचं ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, झाकल्या नावाच्या सभेत. तेवीस सभासदांनी एकेक चित्र आणायचं, त्याखालच्या अक्षरांवर कागदाची पट्टी लावायची, आणि बाकीच्यांनी भिंगं घेऊन माणूस ओळखायचा. ज्याचा माणूस कुणालाच ओळखू येणार नाही त्याची भिंत. गेल्या अकरा वर्षांत डिलिस अकरा वेळा हरली होती, कारण तिचा माणूस अध्यक्ष लायोनेल हॅझलडीन दरवेळी ओळखायचे.

हॅझलडीन म्हणजे एकोणऐंशी वर्षांचे निवृत्त वकील. त्यांचा संग्रह पहिल्या तीन वर्गांचा, त्याखाली त्यांची नजर उतरत नसे. पण वाचन एवढं की बाराव्या वर्गातली माणसंही त्यांना नावानिशी ठाऊक. "अरेच्चा, डिलिस, या वर्षी शिंग उगवलेली बाई आणलीत वाटतं!" असं ते सगळ्यांदेखत म्हणायचे आणि चहाचा घोट घ्यायचे. आठ वर्षं भिंत त्यांची होती. आठ वर्षं गावानं जिना चढताना राजे पाहिले.

आता टबातली बाई. रविवारच्या बाजारात, जिथे लोक गाडीची डिक्की उघडून घरातली अडगळ विकतात, तिथे डिलिसला पुठ्ठा गळालेली एक वही मिळाली होती. तिच्या पानावर ही चिकटवलेली. अंडाकृती चौकटीत एक गरगरीत बाई, डोक्याला टोपी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, उजव्या हातात लाटणं. खाली लिहिलं होतं, "जोन टॅपलिन. थेम्स गोठली तेव्हा हिने बर्फावर भट्टी लावून आल्याची बिस्किटे विकली, व बर्फ तडकेपर्यंत उठली नाही." डिलिसनं ही बाई कधी पाहिली नव्हती, कुठल्या यादीत वाचली नव्हती. हॅझलडीननाही ही ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्याच दिवशी तिनं तिला पानासकट पाण्यात सोडलं.

दुपारी कागद सुटला. डिलिसनं जाळीवर अलगद उचलून तो टिपकागदावर घेतला, आणि खिडकीच्या उजेडात पहिल्यांदा नीट पाहिला. आणि तिच्या मनात आलं, हा हात मी कुठेतरी पाहिलाय.

तोंड नव्हे, हात. मनगटाशी वळी पडलेला, करंगळी जराशी वर उचललेला. लाटणं धरलेल्या बोटांत अंगठी. ती धावत खाली गेली आणि मंडळाची वार्षिक पुस्तिका घेऊन आली. पुस्तिकेच्या पाठीवर दरवर्षी एकच चित्र असायचं. हॅझलडीनांच्या घरातला ड्यूक ऑफ एल्मस्टर. चिलखत, कुरळा टोप, हातात सेनापतीचा दंड. मनगटाला वळी, करंगळी वर, बोटात अंगठी. दंडाच्या टोकाला एक बारीकसा गोळा होता, लाटण्याच्या मुठीला असतो तसा. आणि चौकटीच्या डाव्या बाजूला केसाएवढा एक ओरखडा, तिरपा, जोनच्या चित्रात होता तिथेच. तांब्यावर एकदा ओरखडा उठला की तो त्या पत्र्याच्या प्रत्येक कागदावर उमटतो. म्हणजे पत्रा एकच.

छापखानेवाल्यांची ही जुनी खोड. बर्फ वितळला तशी लोकांची जोनबद्दलची हौसही वितळली असणार. मग दहा वर्षांनी कुणी ड्यूक लढाई जिंकून आला, त्याचं चित्र घाईनं हवं झालं, तर नवा तांब्याचा पत्रा कशाला? जोनचं तोंड खरवडलं, टोपीच्या जागी केसांचा टोप, ॲप्रनच्या जागी चिलखत. हात चांगला कोरलेला होता, तो तसाच राहू दिला.

डिलिस न्हाणीघराच्या फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. क्लाइव्ह धावत वर आला.

"काय झालं? पडलीस का?"

"क्लाइव्ह, लायोनेलचा ड्यूक बिस्किटं लाटतोय!"

त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तोही खदखदून हसला. "अकरा वर्षं तुला टोमणे मारले ना त्यानं? शनिवारी सभेत दाखव. बघूच त्याचा चेहरा कसा होतो ते."

डिलिसचं हसू तिथंच थांबलं. तिला तो चेहरा दिसला. तो ड्यूक हॅझलडीनना त्यांच्या बायकोनं लग्नात दिला होता. बिॲट्रिक्सनं स्वतःच्या हातानं चौकट बसवून, मागून तपकिरी कागद लावून. ती जाऊन सहा वर्षं झाली. आणि क्लाइव्हचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तीन आठवडे रोज डिलिसला आपल्या गाडीतून वूस्टरच्या इस्पितळात नेणारा हाच माणूस. वाटेत राजांवर व्याख्यान दिल्याशिवाय त्यानं एक मैल गाडी हाकली नाही, ही गोष्ट वेगळी. सभेत जोन पुढे आली की तेवीस भिंगं तिच्या हातावर येणार, आणि कुणीतरी ओरडणारच. भर सभेत या माणसाची अशी फजिती व्हावी हे डिलिसला सोसवेना.

"त्यांना आधी सांगायला हवं," ती म्हणाली.

"सांग की."

"सांगितलं तर माझं चित्र बाद. नियमच आहे. मालकानं नाव आधी कुणाही सभासदाला सांगितलं की संपलं."

"मग दोन दिवस गप्प बस! डिलिस, हे बघ, मी चार दिवस फडक्यानं अंग पुसलंय. ते काय पुन्हा त्या वकिलाचे राजे बघायला?"

डिलिसनं बाह्या सारून टब घासायला घेतला. रात्री तिला झोप लागली नाही असं म्हणवत नाही, ती छान झोपली. पण सकाळी उठून तिनं जोनला दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलं, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि नदीकाठच्या हॅझलडीनांच्या घरी गेली.

त्या घरात कुठलंच चित्र कमरेच्या खाली नसे. सेव्हर्नला पूर आला की पाणी विचारून आत येत नाही. ड्यूक तर जिन्याच्या वरच्या वळणावर, अंधाऱ्या कोपऱ्यात, जाड काचेमागे.

"लायोनेल, ड्यूकला जरा खाली घेता का?" डिलिस म्हणाली.

"ड्यूकला? कशासाठी? पन्नास वर्षांत तो भिंतीवरून हललेला नाही."

"म्हणूनच."

तिनं जोनला टेबलावर ठेवलं आणि नाव सांगितलं. मग बोट फक्त हातावर टेकवलं. हॅझलडीननी चष्मा सारला, भिंग काढलं, वाकले. भिंग हातावरून ओरखड्यावर आणि परत हातावर नेलं. त्यांचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. उगाच आले, असं डिलिसला वाटलं.

हॅझलडीननी ड्यूक उतरवून आणला. पाठीवरच्या तपकिरी कागदावरून एकदा हात फिरवला. "बिॲट्रिक्सची परवानगी असेल असं धरून चालतो," ते पुटपुटले आणि चाकूनं कागद कापला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ड्यूक काचेबाहेर आला. त्यांनी तो खिडकीशी उजेडात धरला.

"टोपी," ते म्हणाले.

"काय?"

"टोपी! डिलिस, टोपी! हे बघा, केसांच्या मागे! नीट खरवडलीच नाही गाढवांनी, कड राहिलीय! टोपीची झालर दिसतेय!" एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस ड्यूक छातीशी धरून गालिच्यावर गिरकी घेत होता. "पत्र्यांची मुंडकी बदलण्यावर मी नाही म्हटलं तरी तीस व्याख्यानं दिली असतील! संशयानं बघा, हात बघा, ओरखडे बघा, असं सगळ्या इंग्लंडला सांगत हिंडलो, आणि माझ्या जिन्यात एक बाई लाटणं घेऊन उभी!"

"म्हणजे तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट? अहो, ड्यूकची चित्रं पैशाला पासरी. पण ड्यूकच्या चिलखतात बिस्किटवाली किती जणांकडे असेल? बिॲट्रिक्सला कळलं असतं तर हसून हसून जिन्यावरून पडली असती!"

मग त्यांनी केक काढला, चहा केला, आणि दोघांनी दोन तास दोन्ही चित्रांवर भिंगं फिरवून रेघ न् रेघ मोजली. डिलिसला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. निघताना मात्र दारात हॅझलडीनांचा चेहरा पडला.

"तुम्ही मला नाव सांगितलंत."

"हो."

"म्हणजे शनिवारी तुमचं चित्र..."

"बाद. माहीत आहे."

"नियम मीच केलाय."

"तेही माहीत आहे," डिलिस म्हणाली. पुलावरून परतताना तिला आनंद आणि हळहळ एकदमच होत होती. तिनं दोन्ही होऊ दिलं.

शनिवारी तीन वाजता ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत चित्रं उलगडली. डिलिसनं खोक्यातला एक अख्खी मेंढी खाणारा आणला होता. तो चिटणीस थेल्मा ग्रिग्जनं अर्ध्या मिनिटात ओळखला. डॉक्टर गेले, बिशप गेले, एक नटीही गेली. एकेक करत सगळ्यांची चित्रं ओळखली गेली. शेवटी हॅझलडीननी आपलं चित्र उलटवलं आणि खोलीभर हशा पिकला.

"लायोनेल, बरं वाटत नाहीये का?" थेल्मानं विचारलं. "हा ड्यूक ऑफ एल्मस्टर! आमच्या पुस्तिकेच्या पाठीवर आहे हा!"

"चूक," हॅझलडीन म्हणाले.

"चूक कसं? पट्टीखाली तेच लिहिलंय!"

"पट्टीखाली काय लिहिलंय हे विचारतच नाहीये. नियम दुसरा वाचा, थेल्मा. पत्रा ज्याच्यासाठी कोरला गेला त्याचं नाव. दहा मिनिटं आहेत."

हसू आटलं. माणसं खुर्च्या सरकवून पुढे झाली. एकानं टेबलावर गुडघा टेकला. एकाची चहाची कपबशी कलंडली, पण कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. आठव्या मिनिटाला मागून कुणी तरी म्हणालं, "या हातावर ती वळी कसली आहे हो? असा हात सेनापतीचा?" डिलिसनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, नाहीतर ती ओरडलीच असती.

घंटा वाजली. "हरलात?" हॅझलडीननी विचारलं. "डिलिस, सांगा यांना."

डिलिस उभी राहिली. तिनं पिशवीतून जोनला काढलं, ड्यूकच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाली, "जोन टॅपलिन. हिनं थेम्सच्या बर्फावर बिस्किटं विकली." पुढच्या पाच मिनिटांत काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण एकाच वेळी बावीस माणसं बोलत होती. दोघंजण तर खरोखर टाळ्या पिटत होते.

थेल्मा मात्र नियमांची पक्की. "थांबा, थांबा! डिलिसला हे नाव आधीच माहीत होतं. म्हणजे लायोनेल, तुमचं चित्र बाद!"

"मालकानं सांगितलं तर बाद," हॅझलडीन म्हणाले. "मी डिलिसला एका शब्दानं सांगितलेलं नाही. तिनं मला सांगितलं. नियम पुन्हा वाचा, मीच लिहिलाय." चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस तो, थेल्मा काय बोलणार? "तेव्हा भिंत माझी. आणि भिंतीवर काय लावायचं ते जिंकणारा ठरवतो. या हिवाळ्यात बारावा वर्ग लागेल. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी, आणि चौऱ्याऐंशीवी मधोमध. माझा ड्यूक तिच्या बाजूला, जरा खाली. त्यानं तिचा हात वापरलाय, तर खालीच बरा."

डिलिसनं रुमाल काढला आणि नाक शिंकरलं, सगळ्यांदेखत, मोठ्यानं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी भिंत खुली झाली. क्लाइव्ह दोन तास टबात बसून, चकचकीत होऊन आला होता आणि येईल त्याला सांगत होता की ही मधली बाई आणि तो, दोघांनी एकच टब वापरलाय. गावची माणसं जिना चढत होती, थांबत होती, मान वर करून बघत होती. एकशेबारा वर्षांच्या म्हाताऱ्याकडे, शिंगवाल्या बाईकडे, मेंढी खाणाऱ्याकडे. हॅझलडीन जोनपाशी उभे राहून एकेकाला भिंग देत होते आणि टोपीची झालर दाखवत होते.

पोस्टाच्या गणवेशातली चाळिशीची एक बाई जोनपुढे बराच वेळ रेंगाळली. खालची ओळ वाचली. मग वळली, डिलिसकडे पाहत राहिली, आणि तिचे डोळे मोठे झाले.

"तुम्ही कस्टर्ड!" ती म्हणाली. "म्हणजे, माफ करा हं, पण शाळेत... तुम्हीच ना ते कस्टर्ड करायच्या? कधी गुठळी नाही, कधी वर साय नाही. मला शाळेतलं बाकी काहीही आठवत नाही. मुख्याध्यापक कोण होते तेही सांगता येणार नाही. पण ते कस्टर्ड मी माझ्या मुलींना सांगते अजून."

शेजारून हॅझलडीननी डिलिसकडे पाहिलं, गंभीरपणे मान झुकवली आणि म्हणाले, "बारावा वर्ग, डिलिस. अभिनंदन."

"आम्ही सगळे तुम्हाला कस्टर्डबाईच म्हणायचो," पोस्टवाली म्हणाली. "नाव कधी विचारलंच नाही. काय तुमचं नाव?"

डिलिसनं एकदा जोनकडे पाहिलं, तिच्या खालच्या ओळीकडे पाहिलं.

"डिलिस पार्जेटर," ती म्हणाली, आणि पोस्टवालीला कळावं म्हणून पुन्हा एकदा, सावकाश म्हणाली.